‘दोन व्हिडिओ पाहून कुणी मेकॅनिक होत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जुनी फोक्सवॅगन गोल्फ आर ही गाडी घेताना काय तपासावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "कंपनी तीन वर्षांनी हॅल्डेक्सचं फक्त तेल बदलायला सांगते. पंप काढायचा खर्च लोकांच्या माथी मारून उगाच घाबरवू नका. दोन व्हिडिओ पाहून कुणी मेकॅनिक होत नाही." (हॅल्डेक्स म्हणजे इंजिनाची ओढ मागच्या चाकांकडेही पोहोचवणारा क्लच; त्याच्या तेलाला दाब देतो तो हा पंप.) पुढे टर्बो आणि थर्मोस्टॅटवरही चार ओळी आहेत, पण मला लागलं ते हे शेवटचं वाक्य.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचं काम करत. शाळा सुटली की मी तिथंच. व्हॉल्व्ह घासायला, गॅस्केट कापायला मी त्यांच्या हाताखाली शिकलो. इंग्लंडला आल्यापासून माझ्या गाड्यांची कामं मीच करतो, थंडीत, ड्राइव्हवेवर पाठ टेकून. पटलं नाही तर जरूर सांगा, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण समोरच्याला काही कळत नाही असं धरून चालायचं आणि मग बोलायचं, ही कुठली पद्धत? एका शब्दानं विचारलं असतंत तरी सांगितलं असतं.

आता हॅल्डेक्स. मार्क ६, म्हणजे गोल्फच्या सहाव्या मॉडेलमधल्या चौथ्या पिढीच्या हॅल्डेक्सला तेलाचा वेगळा फिल्टर होता, तो बदलता यायचा. मार्क ७ मध्ये पाचवी पिढी आली आणि तो फिल्टर गेला. उरली ती पंपावरची बारीक जाळी. क्लचच्या चकत्या झिजतात, त्यांची भुकटी तेलात उतरते आणि त्या जाळीवर थापली जाते. नुसतं तेल बदलणं म्हणजे गाळणीत चोथा तसाच ठेवून वरून नवा चहा ओतणं. पंपाला तेल ओढता येत नाही, मोटर ताणाखाली चालत राहते आणि शेवटी जळते.

बरं, तेव्हा डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. गाडी गुपचूप पुढच्या दोन चाकांवर चालत राहते. ज्यानं चार चाकांच्या ओढीसाठी जास्तीचे पैसे मोजले, त्याला हे कळतं ते पावसात राउंडअबाउटवरून निघताना पुढची चाकं जागच्या जागी फिरली की. एमओटीच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या कागदावर यातलं काही दिसत नाही. तेल बदलायला गाडी वर घेतलेलीच असते, तेव्हाच पंप काढून जाळी धुता येते. नव्या पंपाच्या खर्चापुढे ते काम किरकोळ आहे. हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल, तर मी घाबरवत राहीन. कंपनीचं वेळापत्रक नवी गाडी घेणाऱ्याच्या सोयीचं असतं. मी लिहितो तिसऱ्या-चौथ्या मालकासाठी, आणि त्यात आपली कितीतरी मुलं आहेत, पहिल्या नोकरीच्या पगारावर कर्ज काढून ही गाडी घेणारी.

तुमची एक गोष्ट मान्य. डीएसजीवर, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर मी फारच थोडं लिहिलं. सहा गिअरच्या, ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचच्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर ४०,००० मैलांना बदलावे लागतात. त्याची पावती विकणाऱ्याकडे मागायलाच हवी.

टर्बोबद्दल म्हणाल, तर मार्क ७ च्या सुरुवातीच्या गाड्यांतले आयएस ३८ या मॉडेलचे टर्बो गेल्याच्या तक्रारी भरपूर आहेत आणि रीमॅप केलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाडीत धोका आणखी वाढतो. "माझा ठणठणीत आहे" हे त्याला उत्तर होत नाही. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं हाउसिंग प्लास्टिकचं आहे, ते गळतं, कूलंट उतरत जातं. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

मुद्द्यावर लिहिलंत तर पुन्हा सविस्तर उत्तर देईन. माझ्या लायकीवर लिहिलंत तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकीन.