पेमास्टर व्हा, पदके आपोआप येतील

छातीवर रुपेरी पदकांची रांग तर असावी, पण ती मिळवताना हाताला बंदुकीच्या दारूऐवजी शाईचेच डाग पडावेत, अशी ज्यांची मनोमन इच्छा असेल, त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या आरमारात पेमास्टर, म्हणजे जहाजावरचा पगार-शिध्याचा हिशेबनीस, व्हावे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात जन्म घेण्याची तजवीज अर्थातच ज्याची त्याने करायची आहे.

मिसरूड फुटण्याआधीच असिस्टंट क्लार्क म्हणून जहाजावर चढा. पगारवाटप, शिधा, तयार कपडे, साबण, तंबाखू आणि रम यांच्या खतावण्या लिहीत लिहीत असिस्टंट पेमास्टर व्हा, मग पेमास्टर व्हा आणि दाढी पिकल्यावर फ्लीट पेमास्टर. खलाशी पाठीमागे चोर म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. ती शिवी तुमची नसून तुमच्या पूर्वसूरींची, म्हणजे पर्सरची आहे. हा गृहस्थ सोळा औंसांचा पौंड चौदा औंसांनी मोजून देई आणि उरलेले दोन औंस 'घट' म्हणून आपल्याकडे ठेवी. अखेर 1797 साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील स्पिटहेड येथे झालेल्या आरमारी बंडात खलाशांनी पुऱ्या सोळा औंसांची मागणी केली. 1852 मध्ये पर्सर हे नावच पुसले गेले; वहिवाटीने आलेला संशय मात्र तुमच्याकडे वारसाहक्काने चालू राहील. बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये पांढरे कापड असेल, ते तुम्ही लढवय्ये नसून हिशेबनीस आहात हे लांबूनही दिसावे म्हणून.

आता पदकांकडे वळू. येथे शौर्यापेक्षा नेमणूक महत्त्वाची, हे सूत्र ध्यानात ठेवावे. पदक मिळते ते जहाजाच्या पटावर नाव असलेल्यांना, आणि तो पट कोणाच्या हातात असतो हे सुज्ञांस सांगायला नको. रशियाशी झालेल्या क्रिमियाच्या युद्धात, 1854-55 च्या सुमारास, बाल्टिक समुद्रात असाल तर बाल्टिक पदक मिळेल. त्यावर नाव कोरण्याची तसदी सरकार घेणार नाही, ती आपल्या खर्चाने आपण घ्यावी. 1855 च्या उन्हाळ्यात आझोव्हच्या समुद्रात असाल तर क्रिमियाच्या पदकाबरोबर रिबिनीवर 'आझोफ' असे लढाईचे नाव असलेली धातूची जादा पट्टी मिळेल. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या बाबतीत मात्र तारखेकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. 11 जुलै 1882 रोजी सकाळी सात वाजता अॅडमिरल सेमूर यांच्या आठ चिलखती जहाजांनी किल्ल्यांवर तोफा डागल्या आणि त्या एका दिवसासाठी स्वतंत्र पट्टी निघाली. तुमचे जहाज आठवड्याने उशिरा पोहोचले, तर पट्टीविना नुसत्या इजिप्तच्या पदकावर समाधान मानावे लागेल. त्या दिवशी जहाजावर असलात, तर तोफांच्या आवाजाने दौत सांडू न देता खाली सर्जनजवळ जखमींच्या मदतीला उभे राहावे. हे काम सोपे नाही, हे मी उपरोध क्षणभर बाजूला ठेवून कबूल करतो. पण त्यासाठी वेगळी पट्टी नाही. पदकासोबत खेदिव्हचा, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याचा, ब्राँझचा तारा तेवढा विनासायास मिळेल.

शेवटचा सल्ला ब्रह्मदेशाविषयी. 1885-87 च्या मोहिमेत आरमाराच्या तुकड्याही इरावतीवरून वर गेल्या होत्या, तेव्हा तेथेही संधी आहे. ब्रिटिश मोहिमेच्या पदकात अॅडमिरलला आणि कोळसा ओढणाऱ्याला एकाच धातूचे पदक मिळते, याचे तुम्हांला कौतुक वाटेल आणि ते वाटावेही. फक्त त्याच मोहिमेसाठी, त्याच राणीच्या मुखवट्याचे पदक फौजेमागून आलेल्या हिंदी बाजारबुणग्यांना चांदीऐवजी ब्राँझचे दिले गेले, एवढे लक्षात असू द्यावे. तेव्हा पेमास्टर होणे जमले नाही तरी चालेल, पण भलत्या रंगाच्या खांद्यावर पखाल तेवढी घेऊ नका.