वाट्याला आलेलं गणित

बारावीच्या गणिताची पुस्तकं दोन, धडे पंधरा आणि आम्ही चौघं. पंधराला चारने भाग जात नाही, ही आमच्या ग्रुप स्टडीतली पहिली अडचण.

ती बाबल्याने सोडवली. बाबल्या बंदरावरचा. त्याने मासळीचे घालतात तसे धड्यांचे वाटे घातले. प्रत्येक वाट्यात एक बरा मासा, बाकी मध्यम आणि एक नुसता काट्यांचा. बरा मासा म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंग: आलेख काढा, कोपरे पकडा, संपलं. काट्यांचा म्हणजे इंडेफिनिट इंटिग्रेशन, जे बाबल्याने स्वतःच्याच वाट्यात टाकलं तेव्हा आम्हाला तो त्याग वाटला होता. गुंड्याच्या वाट्याला तीनच धडे आले, म्हणून चहा त्याने करायचा. प्रत्येकाने आपला वाटा शिकायचा आणि मग उरलेल्या तिघांना शिकवायचा, असा बेत. त्यातलं पहिलं काम करायचं तेवढं राहून गेलं.

बसायचं कुठे, तर आमच्या कलमांच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात. "घरात गडबड असते, तिथे शांत बसा," असं बाबा म्हणाले तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं. फेब्रुवारीचा महिना, आंब्यावर सुपारीएवढं फळ धरलेलं आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, माकडांची टोळी उतरलेली. बाबांना फुकटचे चार राखणदार मिळाले होते. फांदी हलली की ज्याच्या हातात गणित असेल त्याने ते टाकून "हा हाss" करत पळायचं. माझी कितीतरी इंटिग्रेशनं अजून सबस्टिट्यूशनपर्यंतच येऊन थांबलेली आहेत.

मांगरात रेंज नाही. मोबाईलवर कोणा सरांचा व्हिडिओ बघायचा तर वर सड्यावरच्या मोठ्या धोंड्यावर चढून उभं राहावं लागे. दुपारी बाराला तो कातळ असा तापतो की कितीही हुशार सर असले तरी दोन मिनिटांच्या वर ऐकवत नाहीत. त्यामुळे एकमेकांवर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शिवाय 2012 पासून बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, आणि वाडीतला प्रत्येक माणूस येताजाता ही जबाबदारी आमच्या डोक्यावर ठेवून जायचा. "विभागाचं नाव राखा रे!" अख्ख्या विभागाचं! मला माझे पस्तीस टक्के राखायची पंचाईत.

सुरुवात छान झाली. गुंड्याने लॉजिक घेतलं. 'जर पाऊस पडला तर लाईट जाते' हे विधान खोटं कधी ठरेल? पाऊस पडेल आणि लाईट जाणार नाही तेव्हाच. बाबल्याने विचारलं, "असं कधी झालंय?" कोणालाच आठवेना. तेव्हा हे विधान नेहमीच खरं, म्हणजे टॉटॉलॉजी, असं एकमताने ठरलं. "मग याचा कॉन्व्हर्स? लाईट गेली तर पाऊस पडतो?" यावर मात्र चौघं एकदम "खोटं!" म्हणून ओरडलो, कारण त्या क्षणी लाईट गेलेली होती आणि बाहेर रणरणतं ऊन होतं. असं उदाहरण शहरातल्या क्लासवाल्यांना फी घेऊनही देता येणार नाही.

बेबीकडे डेरिव्हेटिव्हचे उपयोग होते. आमच्यात एकटीच ती घरून वाचून यायची, म्हणून आम्ही तिला जरा वचकून असू. दहा मीटरची शिडी भिंतीला टेकवलेली, तिचा पाय कोणीतरी सेकंदाला 1.2 मीटरने ओढतंय. पाय भिंतीपासून सहा मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? ती मराठीतून समजावत होती, आणि पातेरा गोळा करायला आलेली माझी आजी उंबऱ्यावर टेकून ऐकत होती.

"शिडी खालसून ओढणारो कोण?"

"पुस्तकात दिलेलं नाही, आजी."

"आणि वर कोण आसा?"

"तेही नाही दिलंय."

"मेल्यांनो, आधी वरच्याक हाक मारा, मगे गणित करा!"

पायथागोरस लावून, डिफरन्शिएट करून उत्तर आलं 0.9 मीटर प्रति सेकंद. गुंड्या म्हणाला, बरं झालं, सावकाश आला, लागलं नसणार. बेबी वैतागली. तो वेग फक्त त्या एका क्षणाचा, पाय जसजसा लांब जाईल तसतसं वरचं टोक जास्त जास्त वेगाने खाली येतं, असं तिने सांगितलं. आम्हाला पटेना. आजीला लगेच पटलं.

"खरा ता. आमचो म्हातारो असोच पडललो. पयलो हळूहळू इलो, मगे एकदम."

त्या वर्षी कायमचं डोक्यात बसलेलं गणित ते एवढंच.

मग आला बाबल्याचा काट्यांचा मासा. डेरिव्हेटिव्ह घेताना कॉसला मायनस लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्या भांडवलावर त्याने नियम केला: "मायनस कॉसलाच. इथे काय नि तिथे काय. साइन बिचारा सरळ, त्याचं इंटिग्रेशन नुसतं कॉस." हे त्याने लिलाव पुकारणाऱ्या आवाजात सांगितलं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच राहिली नाही. बेबीने तरी घेतली. "थांब. कॉसचं डेरिव्हेटिव्ह घेऊन ताळा करून बघ," असं ती म्हणाली आणि पेन उघडणार, तोच मागच्या कलमावर धाडकन फांदी हलली. चौघं पळालो. परत आलो तोवर चहा झालेला होता, आणि चहानंतर बाबल्या पुढच्या गणितावर गेला.

पेपर ऐंशी मार्कांचा, तीन तासांचा. त्यात y = साइन x या वक्राखालचं शून्य ते π एवढं क्षेत्रफळ विचारलेलं. सुटल्यावर केंद्राबाहेरच्या वडाखाली उत्तरं ताडून बघितली. गुंड्याचं दोन, माझं दोन, बेबीचंही दोन. मिठ्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या.

"पण तुला आधी मायनस दोन आलं का?" बेबीने हळूच विचारलं.

"हो. क्षेत्रफळ उणे कसं असेल, म्हणून मायनस खोडला."

"मी पण," गुंड्या म्हणाला. बेबी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बघून कळलं. तिघांनी एकदम बाबल्याकडे बघितलं. त्याने मायनस दोन लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"अरे, जमिनीचं क्षेत्र उणे असतं का कधी?"

"सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत आमच्या," बाबल्या म्हणाला. "वाटण्या झाल्या की माझं किती येतं ते तू ये आणि मोजून बघ."