दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : मोलेचा बस-ट्रेक आणि ते दोन तास

नमस्कार सर. तुमचा, वहिनींचा आणि मुलाचा रविवार खराब गेला त्याबद्दल सॉरी, मनापासून. घरातनं सकाळी सहाला निघून माणूस येतो आणि मनासारखं होत नाही तेव्हा राग येणारच.

तुम्ही लिहिलंय की दोन तास उशिरा सुरू केलं, भर दुपारी नुसतं सपाट चालवलं, प्राणी नाही, दूधसागर नाही, बसमध्ये उभं राहावं लागलं, माणशी साडेचारशे रुपये पाण्यात. बाकीचं एकवेळ सोडून देतो पण 'दोन तास उशीर' असं नुसतंच लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार मी घरात झोपलो होतो आणि नऊ माणसं स्टँडवर ताटकळली. म्हणून तेवढं सांगतो, जरा लांबेल.

बेळगावहून पणजीला गाड्या दोन वाटांनी जातात. एक खानापूर, लोंढा करत अनमोड घाट उतरून गोव्यातल्या मोलेला, जिथं आपण जंगल चालतो. दुसरी पिरनवाडीला वळून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटातनं. मोले पहिल्या वाटेवर आहे, दुसऱ्या वाटेच्या गाडीत बसलं तर मोले येतच नाही. आदल्या रात्री ग्रुपवर मी टाकलं होतं 'खानापूर-अनमोड गाडीतच बसणे', त्यावर तुमचा अंगठा पण आहे, मेसेज अजून आहे माझ्याकडे. मी खानापूर स्टँडवर सव्वासातपासून उभा. पावणेआठला आपली गाडी आली, बाकीची सहा माणसं त्यात होती, तुम्ही तिघं नाही. फोन लावला, कुठं पोचलासा विचारलं, तर तुम्ही म्हणालात "जंगल सुरू झालंय, एकदम मस्त!" सर, बेळगाव-खानापूर रस्त्याला शेतं आणि वीटभट्ट्या, जंगल कुठलं यायला? तिथंच मला कळलं गाडी चोर्लाची आहे.

आता मी काय करायचं होतं? सहा जणांना घेऊन पुढं जाता आलं असतं. कंडक्टर शिट्टी मारायला लागला होता. पण तुमच्याबरोबर लहान पोरगं, तुम्ही नवखे, म्हणून सहा जणांना खाली उतरवलं आणि आमची गाडी सोडली. तुम्हाला जांबोटीत उतरायला सांगितलं, तिथनं टमटम करून खानापूरला यायला सांगितलं, तुम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी आलात. तोपर्यंत सत्तरीच्या एक आजी स्टँडच्या बाकावर बसून होत्या, त्यांना दोनदा चहा मी पाजला, आणि तुम्ही आल्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढची गाडी पावणेदहाला मिळाली आणि मोलेला उतरलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रोज आम्ही साडेनऊला चालायला लागतो. हे ते दोन तास.

एक मात्र मान्य करतो. तुमच्या गाडीचा पुढचा बोर्ड कन्नडात होता, तुम्हाला वाचता आला नाही, आणि आम्ही इथले असल्यामुळं आमच्या ते डोक्यातच येत नाही. ते मी आधी सांगायला पाहिजे होतं. (पण सोडायला आलेले तुमचे मेहुणे बेळगावचेच ना?)

गर्दीचं म्हणाल तर २०२३ ला कर्नाटकात बायकांना एसटी फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून रविवारी आमच्याकडच्या गाड्या भरूनच असतात, आम्ही पण उभंच जातो. लोंढ्यात जागा झाली तेव्हा पहिली सीट वहिनींना दिली. एसी ट्रॅव्हलर करून नेणारे लोक आहेत, ते माणशी अठराशे घेतात. आमचा धंदाच बसने जाऊन सोपं जंगल चालण्याचा आहे, गुडघे दुखणाऱ्यांना पण जमेल असा, जाहिरातीत 'सोपी वाट, चार किलोमीटर' असंच लिहिलंय. साडेचारशेमध्ये फॉरेस्टचा पास, मी, आणि डबा. डबा माझी बायको पहाटे चारला उठून करते. दूधसागरची जीप कुळ्याहून सुटते, तो वेगळा कार्यक्रम, आमच्यात कधीच नव्हता.

प्राण्यांचं पण सांगतो. मोलेचं अभयारण्य २४० चौरस किलोमीटर, त्यातलं १०७ नॅशनल पार्क. गवे आहेत, सांबर आहेत, पण भर दुपारी ते वाटेवर येऊन आपली वाट बघत बसत नाहीत, सकाळी लवकर गेलं तर निदान चान्स असतो, आणि सकाळ का गेली ते वर लिहिलंय. तरी ऐनाच्या झाडापाशी (मगरीच्या पाठीसारखी तडकलेली साल असते ना, तेच, मी सगळ्यांना हात लावून बघायला लावतो) शेकरू दिसलंच. फांदीवर शेपूट खाली सोडून काहीतरी कुरतडत बसलेलं, आणि कचरा खाली आजींच्या डोक्यावर पडायला लागलेला. तुमच्या मुलानंच आधी बघितलं, आणि 'बाबा, बाबा' करत होता. तुम्ही तेव्हा मागं राहून फोनला रेंज शोधत होतात. म्हणजे प्राणी नाही हे तुमच्यापुरतं खरं असेल.

चिडून लिहितोय असं वाटलं तर माफ करा. डिसेंबर ते फेब्रुवारी आमचा सीझन, आठवडाभर झेरॉक्सचं दुकान आणि रविवारी हे, यावर घर चालतं. तुमचा रिव्ह्यू पडल्यापासून दोन बुकिंगं गेलीत, त्यातलं एक शाळेच्या मास्तरांचं होतं, अकरा जणांचं.

इथनं पुढं गाडीच्या बोर्डाचा फोटो आदल्या रात्री पाठवायचं बघतो, आणि बेळगाव स्टँडवर कुणी ओळखीचं उभं करता येतंय का तेही बघू, अजून ठरलेलं नाही. पुन्हा आलात तर पैशांचं काहीतरी कमी-जास्त करू. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही, फक्त त्यात जांबोटीचं तेवढं लिहिलंत तर बरं होईल.

आणि मुलाची निळी टोपी माझ्या सॅकमध्ये राहिलीय, धुऊन ठेवलीय. मेसेजवर पत्ता टाका, कुरिअरचा खर्च माझा.