अंथरुणाची अट

“आधी जेवायला घालायचं आणि मग हातात बायबल द्यायचं, हा त्यांचा जुना उद्योग आहे. तू तिथे खरकटी काढायला कशाला जातेस?”

नगरहून दादाचा हा निरोप आला तेव्हा मी पूर्व लंडनमधल्या एका चर्चच्या सभागृहात चौदा गाद्या मांडत होते. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. चूक माझीच. घरच्या ग्रुपवर मी त्या गाद्यांचा फोटो टाकला होता आणि भिंतीवरचा क्रूस त्यात आला होता. त्या रात्री उत्तर द्यायला सवड नव्हती. नंतर फोनवर बोलणं झालं, पण ते अर्धवटच राहिलं. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. दादाला जे वाटतं ते घरोघरी बोललं जातं, आणि त्यातलं सगळंच खोटं नाही.

आधी तिथे काय चालतं ते सांगते. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आमच्या भागातली सात चर्च आठवड्याचे सात वार वाटून घेतात. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं, असं. ज्यांना घर नाही ती माणसं रोज संध्याकाळी त्या त्या वाराच्या चर्चमध्ये येतात, गरम जेवतात, झोपतात, सकाळी न्याहारी करून बाहेर पडतात. प्रत्येकाची झोपायची पिशवी नावानिशी ठेवलेली असते आणि ती एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये गाडीने जाते. करोनानंतर अशा बऱ्याच ठिकाणांनी एका सभागृहात सगळ्यांना झोपवणं सोडून स्वतंत्र खोल्यांची वाट धरली. आमच्याकडे जुनीच पद्धत आहे. येणाऱ्यांना कुणी बेघर म्हणत नाही, पाहुणे म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते उगाच गोड वाटलं होतं. पण ताट वाढताना तोंडात तोच शब्द असला की वाढण्याची पद्धत बदलते, हे मी स्वतःच्या हातात पाहिलं आहे.

मंगळवार आमचा. मी ख्रिस्ती नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथली एक गोष्ट दादाला मी अजून नीट सांगू शकलेले नाही. संध्याकाळी सहाला आम्ही स्वयंसेवक स्वयंपाकघरात जमतो. ज्यांना करायची ते तिथे दोन मिनिटं प्रार्थना करतात, मी गप्प उभी राहते. सात वाजता दार उघडतं. त्यानंतर सकाळपर्यंत प्रार्थनेचा शब्द निघत नाही. जेवणाच्या टेबलावरही नाही. आमच्या इथलं काम बघणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका आहेत. मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, भुकेल्या माणसासमोर ताट ठेवून त्याला डोळे मिटायला सांगणं बरं नव्हे, त्याला ‘नको’ म्हणता येत नाही.

त्याला ‘नको’ म्हणता येत नाही. दादाच्या सगळ्या आक्षेपाचा गाभा याच वाक्यात आहे, आणि तो मला एका श्रद्धाळू ख्रिस्ती बाईंकडून समजला.

सगळीकडे असं नसतं. एका हिवाळ्यात मी दुसऱ्या एका ठिकाणी मदतीला गेले होते. तिथे प्रत्येक उशीवर एक पत्रक ठेवलेलं होतं: तुमच्या दुःखाचं कारण काय आणि सुटका कशात. मी ती पत्रकं उचलून दाराजवळच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, ज्याला हवं तो इथून घेईल, चालेल ना? चाललं नाही. मला पुन्हा बोलावलं गेलं नाही आणि मीही गेले नाही. तेव्हा दादा, तुझी भीती हवेतली नाही. अंथरुणाला अट जोडता येते, आणि अट लेखी असायची गरज नसते.

इतिहासही तुझ्या बाजूने थोडा बोलतो. विल्यम आणि कॅथरीन बूथ या जोडप्याने १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं. त्यालाच १८७८ पासून साल्व्हेशन आर्मी म्हणू लागले, आपल्याकडे मुक्तिफौज. १८८८ मध्ये लाइमहाउस भागात त्यांनी पहिला निवारा उघडला. पुढे त्यांच्या निवाऱ्यांत चार पेनी दिले की शवपेटीसारख्या अरुंद लाकडी चौकटीत आडवं होता यायचं. आज ते फोटो बघवत नाहीत, पण उघड्यावर गारठून जाण्यापेक्षा ती चौकट बरी होती. बूथ यांनी आपला हेतू कधी लपवला नाही. माणसाचं पोट आणि आत्मा दोन्ही वाचवायचे, असंच ते म्हणत. १८८२ मध्ये त्यांची माणसं मुंबईत उतरली, त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर भगवी वस्त्रं घालून फिरू लागला. त्यांच्या मिरवणुका रोखून त्यांना अटक केली ती इंग्रज सरकारच्याच पोलिसांनी. आणि १८९३ मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून जे वादळ उठलं, तेही याच प्रश्नाचं होतं: विधवांना आसरा देणारी बाई त्यांना आपल्या ख्रिस्ती धर्माकडे वळवते आहे का? पालकांनी मुली काढून नेल्या. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपण तोच वाद तिथेच उभे राहून घालतो आहोत.

आता दुसरी बाजू, आणि ती तुझ्या-माझ्या घरातली आहे. माझा जन्म कुठे झाला? नगरच्या बूथ हॉस्पिटलमध्ये. ‘बूथ’ म्हणजे कोण, हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ते याच मुक्तिफौजेचं रुग्णालय, आणि नाव इव्हँजेलिन बूथचं, म्हणजे याच जोडप्याच्या मुलीचं. आपल्या घरातली किती बाळंतपणं तिथे झाली ते काकूला विचार. घरी परत येताना आपल्यापैकी कुणाचा धर्म बदललेला नव्हता. करोनाच्या साथीत नगरची माणसं तिथे रांगा लावून उभी होती तेव्हाही कुणी विचारलं नाही की हे बूथ कोण.

आणि गाडगेबाबा? त्यांची दशसूत्री आपल्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेली होती: भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा. मत्तयच्या शुभवर्तमानातलं पंचविसावं प्रकरण वाच. मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. तहानेला होतो, प्यायला दिलंत. परका होतो, मला घरात घेतलंत. उघडा होतो, पांघरूण दिलंत. ओळीला ओळ लागते. आमच्या चर्चमध्ये या ओळी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवल्या आहेत, आतल्या बाजूने. त्या वाढणाऱ्यांनी वाचायच्या, जेवणाऱ्यांनी नव्हे. मला बाबांचा खराटा आठवला, तोही आधी स्वतः हातात धरायचा होता. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे बाबांनी धर्मशाळा बांधवल्या आणि स्वतः कधी त्यात मालक म्हणून राहिले नाहीत. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयातले कर्करुग्ण आजही उतरतात.

इथल्या चर्चवाल्यांनाही इथे टीका ऐकावी लागते, पण ती वेगळी असते, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. इथे कुणी फारसं विचारत नाही की तुम्ही धर्म वाढवता का. विचारतात ते असं: तुम्ही गाद्या घालत राहिलात तर सरकार घरं का बांधेल? इंग्लंडमध्ये १९७७ पासून बेघरांना घर मिळवून देण्याची जबाबदारी कायद्याने नगरपालिकांवर आहे. पण ती सगळ्यांसाठी नाही. मुलं असलेलं कुटुंब, गरोदर बाई, वृद्ध किंवा आजारी माणूस यांना प्राधान्य. चाळिशीचा धडधाकट एकटा पुरुष बहुधा त्यात बसत नाही. स्कॉटलंडने ही चाळणी २०१२ मध्ये काढून टाकली, इंग्लंडने ठेवली. प्राधान्य मिळालेल्यांचंही सुख नाही: २०२४ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये सव्वा लाखांहून अधिक कुटुंबं तात्पुरत्या जागांत दिवस काढत होती, कित्येक तर हॉटेलच्या एका खोलीत. चर्चमधल्या गाद्या हे त्याचं उत्तर नाही, हे तिथे काम करणारा प्रत्येक जण जाणतो.

तरी मी गाद्या घालते. का, तर मागच्या हिवाळ्यातला एक पाहुणा. पंजाबचा, पन्नाशीचा, बांधकामावर राबलेला. मालकाने काम थांबवलं, व्हिसाची मुदत गेली, भाड्याची खोली गेली. नगरपालिकेने हात वर केले, कारण त्याच्या कागदावर एक ओळ होती: सरकारी मदतीचा हक्क नाही. ही ओळ मला चांगली ठाऊक आहे. आम्ही इथे आलो तेव्हा पहिली काही वर्षं माझ्याही व्हिसाच्या कार्डावर ती छापलेली होती. नोकरी होती, नवरा होता, म्हणून मी ती कधी नीट वाचली नाही. त्या माणसाबरोबर हिंदीत बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्याच्यात आणि माझ्यात दोन पगारांचं अंतर होतं, जास्त नाही. या देशाचा कायदा अशा माणसाला दारात उभं करत नाही. त्याला आत घेतात ती चर्च, गुरुद्वारे, आणि रात्री रस्त्यावर लंगरची गाडी लावणारे शीख तरुण. पहिल्या रात्री त्याने मला हळूच विचारलं, “बहनजी, यहाँ कुछ पढ़ना पड़ेगा क्या?” मी म्हटलं, नाही. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग जेवला.

परक्या देशात आपला माणूस उपाशीपोटी आधी हे विचारतो, याचा मला खूप त्रास झाला. ती भीती त्याने इथे कमावलेली नव्हती, तिकडूनच आणली होती. ती पेरण्यात उशीवर पत्रक ठेवणाऱ्यांचा वाटा आहे, आणि प्रत्येक निवाऱ्याकडे संशयाने बघणाऱ्या आपलाही आहे.

मी चर्चची तळी उचलते आहे असं कुणाला वाटू नये म्हणून हेही सांगते. आमच्याकडे दारू पिऊन आलेल्याला आत घेत नाहीत. नियमामागे कारण आहे, तेरा जण झोपलेले असतात. पण एका मंगळवारी गोठणबिंदूच्या खाली थंडी असताना मी स्वतः एकाला दारातून परत पाठवलं. तीही अंथरुणाची अटच. ती रात्र माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

आता आपल्याकडचं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले, त्यातले मुंबईत सुमारे ५७ हजार. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच शहरांमध्ये निवारे उभारण्याचे आदेश दिले होते. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाने निकष घालून दिला होता, शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे एक कायमचा निवारा, किमान ५० जणांची सोय असलेला. त्या हिशोबाने एकट्या मुंबईत १२० च्या वर निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही पोचलेली नाही. उलट १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. त्याखाली पहिल्यांदा पकडलेल्यालाही एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबता येतं. दिल्लीत त्याच कायद्यातल्या मुख्य तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या. यावर आपल्या ग्रुपवर मी एकदाही चर्चा पाहिलेली नाही. धर्मांतरावर मात्र दर आठवड्याला असते. आमिष दाखवून धर्म बदलवू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण पांघरूण हे ज्याच्यासाठी आमिष ठरतं, त्याच्याकडे ते आधीपासून का नव्हतं, हा प्रश्न पालिकेला विचारायला आपली जीभ रेटत नाही.

इंग्लंडमध्ये दरवर्षी शरद ऋतूत एका रात्री रस्त्यावर झोपलेल्यांची मोजदाद होते. काही ठिकाणी माणसं खरोखर मध्यरात्रीनंतर गल्लीगल्लीतून हिंडतात. २०२४ मध्ये तो आकडा ४,६६७ होता, २०१० मध्ये १,७६८. पद्धत अपुरी आहे, लपून झोपणाऱ्या बायका त्यात हमखास सुटतात. पण आकडा जाहीर होतो आणि मंत्र्यांना त्यावर उत्तर द्यावं लागतं. फोनवर मी दादाला एवढंच म्हटलं होतं, की देणाऱ्याच्या धर्मावर तुझ्याशी रात्रभर भांडायला तयार आहे, पण आधी मला सांग, आपल्या नगरात, आता अहिल्यानगरात, रात्री किती जण उघड्यावर झोपतात?

तो रागावून फोन ठेवून गेला. मग चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी, इथे संध्याकाळचे साडेसात वाजले होते, त्याचा निरोप आला:

“स्टेशनवर २३. तारकपूर स्टँडवर ११, त्यात दोन बायका आणि एक लेकरू. बाकी गाव उद्या बघतो.”