कोकणी माणसाने जागा दिली आहे, आता रस्ता द्या

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघाला आणि एका सहकाऱ्याने अगदी सहज सांगून टाकले, "तुम्ही कोकणातले लोक जागा सोडत नाही, म्हणून तो रस्ता होत नाही." भरल्या ताटावर वाद नको म्हणून मी गप्प बसले, परंतु ते वाक्य संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे घर संगमेश्वर तालुक्यात, महामार्गाला अगदी लागून. मोजणीवाले आले, दारातल्या फणसावर आणि गोठ्याच्या भिंतीवर लाल रंगाने आकडे घालून गेले. आमचा सातबारा सामाईक, त्यावर आजोबांच्या चुलत भावंडांच्या वारसांपर्यंत सगळ्यांची नावे. आबांनी कोणाची वाट पाहिली नाही. रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला जाऊन लालबागपासून विरारपर्यंत भावकीची घरे पालथी घातली आणि एकेकाची संमतीपत्रावर सही आणली. रस्ता मोठा झाला तर पोरे वेळेत घरी पोहोचतील, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गोठा गेला, फणस गेला, पुढची पडवी गेली. मोबदला मिळाला, तो नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण रस्ता कुठे आहे?

पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी आखलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण होऊन वाहतुकीला खुला झाला. विदर्भ-मराठवाड्याला चांगला रस्ता मिळाला याचा मला आनंदच आहे. मात्र त्याच राज्यात, त्याच काळात, कोकणच्या वाट्याला दर गणपतीला "यंदा खड्डेमुक्त प्रवास" ही घोषणा आणि माणगावची रांग का यावी, याचे उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

दुपदरी रस्त्यावर माणसे का मरतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे कंटेनर रखडत असतो, वळणावर समोरचे दिसत नाही, मागून हॉर्न वाजत असतो आणि कोणीतरी ओव्हरटेक करायला बाहेर पडतो. चौपदरी रस्त्याचा खरा उपयोग वेगासाठी नसून दुभाजकासाठी आहे, कारण समोरासमोरची धडक त्यानेच टळते. म्हणूनच अर्धवट चौपदरी रस्ता हा जुन्या दुपदरीपेक्षाही घातक ठरतो. मैलभर गुळगुळीत काँक्रीट लागते, चालकाचा वेग वाढतो आणि पुढे कसलीही सूचना नसताना डायव्हर्जन येऊन गाडी जुन्या डांबरी रस्त्यावर उतरते, किंवा एकाच बाजूच्या मार्गिकेवरून दोन्हीकडची वाहतूक सोडलेली असते. रात्री, पावसात, ना दिवा ना रिफ्लेक्टर. याला विकास म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. आमच्याकडे त्याला जिवाशी खेळ म्हणतात.

भूसंपादनाचे वाद झाले, काहींनी वाढीव मोबदल्यासाठी अडवणूक केली, हे खरे आहे. परशुराम घाटातली माती आणि इथला पाऊस सोपा नाही, हेही मान्य. सिंधुदुर्गातला रस्ता उत्तम झाला आणि कशेडीच्या बोगद्याने घाटातली वळणे वाचवली, याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण सिंधुदुर्गातला कोकणी माणूस आमच्याहून वेगळा आहे का? तिथे जागा मिळते, काम होते. मग आमच्याकडे जागा मिळूनही काम का होत नाही?

आमच्या घरासमोर भराव टाकून रस्ता उंच केला आणि कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेला. घराशेजारून जाणाऱ्या पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, रस्त्याखालची मोरी त्या भरावात बुजली. आता मोठा पाऊस झाला की लाल पाणी सरळ उरलेल्या पडवीत शिरते आणि आई पोत्यात माती भरून उंबऱ्याशी लावते. आबांनी त्यासाठीही अर्ज केले. ज्या माणसाने सह्यांसाठी मुंबई पालथी घातली, त्याला एका मोरीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर पाठवले जाते. तरीही ते चिडत नाहीत. "होईल गो, मोठे काम आहे," एवढेच म्हणतात. त्यांचा हा विश्वास पाहिला की मला राग येण्याऐवजी भरून येते.

इच्छा असली की काम होते, हे आपण पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच ठिकाणी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. तीच नदी, तोच पाऊस, तीच यंत्रणा. माणसे गेल्यावरच घाई करायची असा काही नियम आहे का?

उरलेल्या प्रत्येक टप्प्याची तारीख कंत्राटदाराच्या नावासह त्या त्या गावात फलकावर लागली पाहिजे. तोवर वापरात असलेला जुना रस्ता नीट राखला पाहिजे, डायव्हर्जनला दिवे हवेत आणि मोऱ्या मे महिन्यातच मोकळ्या झाल्या पाहिजेत. या मागण्यांचे निवेदन मी तयार करत आहे. ज्यांची घरे या रस्त्याकाठी आहेत, त्यांनी आपल्या गावासमोरची मोरी, डायव्हर्जन आणि अर्धवट पुलांची स्थिती फोटोसह खाली लिहावी. रविवारपर्यंत जे येईल ते सर्व निवेदनाला जोडते.