चुकवलेला आठ

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादानं पुतण्याची सालटी काढली. पोरगं स्वतःच्या पगारातून पैसे भरून पुण्याला दोन दिवसांचं मोटरसायकलचं प्रशिक्षण घेऊन आलं, हा गुन्हा. "सहा वर्षं लायसन्स हाय खिशात, आता काय शिकूलालास बे?" खाली मेहुण्यापासून मावशीपर्यंत सगळ्यांच्या हसून रडणाऱ्या बाहुल्या. शिकवणारे तर लुटारूच ठरले.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून चार परिच्छेद टाकले. कुणी वाचले नाहीत, म्हणून इथं.

इथं आयएएम रोडस्मार्ट नावाची संस्था 1956 पासून लायसन्सवाल्यांनाच शिकवते. माझे ऑब्झर्व्हर, म्हणजे गाडी कशी चालवतो ते बघून शिकवणारे, रिटायर पोस्टमन. स्वतःसाठी फी घेत नाहीत, पेट्रोलपुरते पैसे. रविवारी सकाळी आपल्या गाडीवर माझ्या मागं मागं येतात आणि चहाला थांबलो की वही उघडतात. पहिल्या दिवशी म्हणाले, वळणावर तू चाकापुढं बघतोस, रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जिथं एकमेकींना मिळतात तिथं बघ. ते टोक तुझ्याकडं यायला लागलं तर वेग कमी कर, पुढं पळायला लागलं तर वेग वाढव. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.

एवढं एक वाक्य कुणी आम्हाला विशीत सांगितलं असतं तर! गाळपाच्या दिवसांत मोहोळकडून रात्री येताना माझा वर्गमित्र उसाच्या ट्रॉलीत घुसला. ट्रॉलीला मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. जीव वाचला, गुडघा गेला. 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली, त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. दादा म्हणतो, आधी खड्डे बुजवा, ट्रॉल्यांना दिवे लावा. लावाच की. पण तोवर पोरानं डोळे उघडे ठेवायला शिकू नये?

रविवारी सकाळी इथल्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा आडवं येत नाही, हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही. आणखीही एक लिहिलं नाही. माझं सोलापूरचं लायसन्स एका एजंटानं काढून दिलं. बाकीची पोरं परीक्षेला गाडीनं आठ काढत होती, तेव्हा मी बाहेर भजी खात होतो. इथं ते लायसन्स वर्षभरच चाललं. मग सदतिसाव्या वर्षी पिवळं जाकीट घालून सीबीटीपासून, म्हणजे नवशिक्यांच्या सक्तीच्या प्रशिक्षणापासून सुरुवात. मॉड्यूल वनला, म्हणजे गाडी चालवायच्या पहिल्या परीक्षेला, मैदानात दोन शंकू मांडलेले, त्यांच्याभोवती काय काढायचं? आठ. पहिल्यांदा नापास झालो. घरी सांगितलं, परीक्षा पुढं ढकलली.

मागच्या गड्ड्याला, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, घरी आलो होतो. पुतण्याला मागं बसवून स्कूटर काढली आणि सात रस्ता चौकात अडकलो. उजवीकडं बघतोय, खांद्यावरून मागं बघतोय, फट मिळेल म्हणून थांबलोय. मागं हॉर्नचा कालवा. शेवटी पुतण्या हळूच म्हणाला, "काका, उतरा, मी घेतो." त्यानं कुठंही न बघता गाडी घातली आणि सगळे थांबले. मी त्याचा खांदा धरून मागं बसलो होतो. याच चौकातून बारा वर्षं मी कॉलेजला, कामाला गेलोय.

परवा ग्रुपवरचा गोंधळ निवल्यावर त्याचा मला एकट्याला मेसेज आला. "काका, तिथं परत आठ काढायला लावला. पाय टेकला. पप्पांना सांगू नका."