जॉर्जेट हेयर खरंच नवऱ्याच्या जिवावर लिहायची?

ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्या इंग्रजी कादंबरीकार जॉर्जेट हेयरचं नाव निघालं की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: खात्यापित्या इंग्रज घरातली बाई, नवऱ्याच्या पैशावर निवांत बसून जेन ऑस्टिनची (तिच्या शंभरेक वर्षं आधीची इंग्रजी कादंबरीकार) नक्कल करत गुलाबी कथा पाडायची. एकाच वाक्यात इतके आरोप, आणि बहुतेक न वाचताच केलेले.

आधी तो निवांतपणा बघू. १९२५ साली टेनिस खेळून झाल्यावर तिचे वडील अचानक गेले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, आणि दोन धाकट्या भावांचा खर्च तिच्या अंगावर आला. दोनच महिन्यांनी लग्न. नवरा रोनाल्ड रूजिए खाणींचा इंजिनियर. त्याच्यामागे ती टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या) रानात गेली, गवताच्या झोपडीत राहिली आणि तिथेही लिहीत होती. पुढे त्याने ते काम सोडलं, दुकान चालवून पाहिलं, मग वकिलीचा अभ्यास केला. १९३९ मध्ये तो बॅरिस्टर झाला. तोवर घरात भरवशाची कमाई कुणाची होती, ओळखा!

‘नुसत्या कल्पनेच्या भराऱ्या’ हा आरोप तर मला गमतीचाच वाटतो. १९३७ची ‘ॲन इन्फेमस आर्मी’ ही कादंबरी नेपोलियन हरला त्या १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईवर आहे. त्यात ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन जे बोलतो, ते त्याने खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलंच असावं, हा तिचा हट्ट. हे पुस्तक ब्रिटनच्या सँडहर्स्ट इथल्या लष्करी अकादमीत शिकवताना वापरलं गेलं. गाड्यांचे प्रकार, टोप्या, मेणबत्त्यांचे भाव, त्या काळची टपोरी भाषा, सगळ्याच्या तिने वह्या भरून ठेवल्या होत्या.

ऑस्टिनची नक्कल म्हणावी, तर ऑस्टिन स्वतःच्या काळाबद्दल लिहीत होती. तिच्या वाचकाच्या दारात ती बग्गी उभीच असे. वर्णन कशाला करायचं? हेयरची ऑस्टिनच्या काळात घडणारी ‘रीजन्सी बक’ आली १९३५ मध्ये, ऑस्टिन जाऊन ११८ वर्षं झाल्यावर. तिला ते जग पायापासून रचावं लागलं. शिवाय ऑस्टिनचे लोक खेड्यातले मध्यम जमीनदार, हेयरचे बरेचसे लंडनचे उमराव. साम्य आहे ते खोचक विनोदाचं, आणि ऑस्टिन तिची आवडती लेखिका होती हेही खरं.

जाहिरातबाजीने खपली म्हणणारेही आहेत. १९२६चं ‘दीज ओल्ड शेड्स’ ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपाच्या काळात निघालं. वर्तमानपत्रांत ना जाहिरात, ना परीक्षण. तरी १ लाख ९० हजार प्रती गेल्या. पुढे जन्मभर तिने मुलाखत दिली नाही.

टीकाच करायची तर ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) उघडा. त्यातला ज्यू सावकार म्हणजे जुन्या द्वेषाचा साचा आहे, तोही महायुद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर लिहिलेला. ते प्रकरण आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं, आणि पुन्हा उघडायला दोन दिवस लागले.